विहिरीतला शंख

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन महिना झाला. कापूस वेचायला मजूर मिळेनात, शाळा सुटली की मीच वावरात, त्यात उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर टाळतही होतो. तू विचारलंस, "आठवडाभर पोरांना उत्क्रांती शिकवतोस आणि रविवारी आमेन म्हणतोस, कुठं अडखळत नाहीस का रे?" अडखळलो, गड्या. मागच्याच रविवारी.

उन्हाळ्यात काकाच्या वावरात विहीर खोदली. वर काळा फत्तर, मग दीड हात पांढुरका थर, खाली पुन्हा काळा फत्तर. त्या पांढुरक्या मलम्यात करंगळीच्या पेराएवढे शंख सापडले, दगड झालेले, पण वेटोळा न वेटोळा शाबूत. एक मी वर्गात नेला. सातवीतली पोरगी म्हणाली, "सर, गोगलगाय एवढ्या खाली काहून गेली?" म्हटलं, ती खाली नाही गेली, लाव्हा तिच्यावर आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर साचत होता. दोन थरांच्या मधल्या काळात डबकी, तळी झाली, त्यात हे शंख जगले आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडले गेले.

शंखाची बातमी चर्चमध्येही पोचली. पाळकसाहेबांनी उपदेशात उल्लेख केला : "पाहा, बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा आपल्या गावात!" मंडळी खूश. मला माहीत होतं की हे गोड्या पाण्यातले शंख आहेत, आणि वरखाली लाव्हा असताना मधे प्रलय बसवता येत नाही. मी मान खाली घालून बसलो. शेजारी आई होती.

आणि गंमत अशी की आपल्या भागातले हे शंख नीट अभ्यासले कोणी? एका पाद्र्यानं! स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आला, शाळा काढली, गोंडांची गाणी उतरवून घेतली आणि फावल्या वेळात हातोडा घेऊन खडक फोडत हिंडला. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकातले शंख, बिया, फळं गोळा करून हंटर नावाच्या सोबत्याबरोबर 1855 मध्ये त्यानं नागपूरच्या भूगर्भावर लेख छापला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात बुडाला. पंचेचाळिशीत. आपण दोघं त्या रस्त्यानं बुटीबोरीला किती वेळा गेलो असू, माहीत होतं का आपल्याला?

त्या पाद्र्याला हातोड्याची भीती वाटली नाही, मग आपल्या पाळकाला पुराव्याची एवढी घाई का, हे मला कळत नाही. लमेत्रचं तुला ठाऊक असेल : बेल्जियमचा धर्मगुरू, विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं 1927 मध्ये गणितानं मांडलं. 1951 मध्ये खुद्द पोपनं भाषणात असा सूर लावला की विज्ञानानं आता निर्मितीची साक्ष दिली. ते लमेत्रलाच रुचलं नाही. सिद्धांत उद्या बदलला तर त्याबरोबर देवही बदलायचा का? आणि संत ऑगस्टिन तर सोळाशे वर्षांपूर्वी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना चिडून बसलाय : ख्रिस्ती माणसं पवित्र शास्त्राच्या आधारानं निसर्गाबद्दल भलतंच बोलतात, जाणकार हसतात, आणि मग ते आपल्या बाकीच्या गोष्टीवर तरी का विश्वास ठेवतील? हे वाचलं तेव्हा मला माझी खाली घातलेली मान आठवली.

मग तोंड का उघडलं नाही? तीन वर्षांपूर्वी आईला तुरीत घोणस चावली, ती रात्र तुला फोनवर अर्धीच सांगितली होती. जीप याच पाळकसाहेबांनी मिळवली. आईचं डोकं मांडीवर घेऊन वाटभर प्रार्थना करत होते आणि मधेच ड्रायव्हरला, "दाब अजून, दाब!" जीप त्यांनी कुठं थांबवली नाही, कुणा मांत्रिकाचं नाव काढू दिलं नाही. प्रतिविष घोड्याला थोडं थोडं विष टोचून करतात, हे मी पोरांना शिकवतो. त्या रात्री ते सलाइनमधून थेंब थेंब उतरताना पाहत होतो आणि ओठ आपोआप हलत होते. सकाळपर्यंत पाळकसाहेब माझ्याबरोबर बाकावर बसून होते. आई म्हणते, "देवानं वाचवलं मले." मी हो म्हणतो. डॉक्टरलाही हात जोडून आलो होतो. त्या हो म्हणण्यात मला खोटेपणा वाटत नाही, दोस्ता. शंखाच्या बाबतीत गप्प बसलो, त्यात मात्र वाटतो.

तू म्हणशील, मग सांग की जाऊन. सांगणार आहे. भर उपासनेत नाही, घरी जाऊन, चहाच्या वेळी. शंख कालच पिशवीत टाकून ठेवलाय. त्यांना काकाच्या विहिरीवर नेऊन तो वरचा-खालचा फत्तर हातानं दाखवायचाय. जमलं नाही तर तसंही कळवीन.

नाताळाला ये. टाकळघाटला जाऊ, आणि आईनं तुझ्यासाठी तुरीची डाळ बांधून ठेवलीय, तीही घेऊन जा.

तुझाच,
मास्तर