धोम धरणाच्या पाण्यावर एकट्याने जाण्यासाठी : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये ही आपली अट मी पाळतो आहे. पत्र मात्र जाहीर लिहितो आहे. शिडाची छोटी होडी गाडीमागे ओढून न्यावी आणि धरणाच्या पाण्यावर एकट्याने फिरावे अशी इच्छा असणारे सातारा-सांगलीकडे आणखीही काही जण आहेत, आणि आपण मला दिलेला सल्ला त्यांच्याही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

होडी निवडताना मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी तिचा वेग, शिडाचे क्षेत्रफळ आणि किंमत यांविषयी सांगितले. आपण मात्र पहिलाच प्रश्न असा विचारलात की, गाडीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून पुन्हा गाडीपर्यंत हिला ओढणार कोण? त्या वेळी माझ्या मनात वेफेरर भरली होती. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली ही १५ फूट १० इंचांची होडी. फ्रँक डाय हे १९६३ मध्ये एका सोबत्याला घेऊन तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलँडला गेले होते, आणि असे काही वाचले की माणूस भारावतोच. आपण तिची थोरवी मान्य केलीत, पण तिचा नुसता सांगाडा १६९ किलोंचा असतो, डोलकाठी, शीड आणि बाकीचे सामान वेगळेच, याकडे माझे लक्ष वेधलेत. एवढ्यावर न थांबता, दोन चाकांच्या हातगाड्यावर पेंडीची ५० किलोंची पोती ठेवून तो धोमच्या काठावरून वर ओढून पाहायला सांगितलेत. दोन पोत्यांपर्यंत मी टिकलो, तिसऱ्याला गाडा जागचा हलेना. होडीचे वजन किती असावे हे त्या दिवशी कोणत्याही माहितीपत्रकाविना ठरले.

हा हिशेब आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण परदेशी पुस्तकांत गृहीत धरलेला काँक्रीटचा उतार आपल्या धरणांवर सहसा नसतो. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असते तेव्हा गाडी अगदी जवळ नेता येते. पण सिंचनासाठी पाणी सुटू लागले की काठ मागे सरकत जातो आणि उन्हाळ्यात मध्ये काळ्या चिखलाचा मोठा पट्टा उरतो. म्हणून आपण रस्त्यावरचा ट्रेलर कोरड्या जमिनीवरच ठेवायला लावून त्यावर रुंद, फुगीर चाकांचा वेगळा हलका गाडा बसवून घ्यायला सांगितलेत. चिखलाखेरीज त्याला दुसरेही कारण होते : लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरची चाके तापलेली असतात आणि ती तशीच पाण्यात घातली तर बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाऊन ती लवकर खराब होतात.

त्यानंतर माझा डोळा लेझर नावाच्या, एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या होडीवर होता. ४.२३ मीटर लांबी, सांगाडा ५९ किलोंच्या आसपास, दोन तुकड्यांची डोलकाठी आधाराच्या तारांवाचून सरळ खाचेत उभी राहते. एकट्या माणसासाठी याहून सोपे काय असणार? तिच्याविषयी आपण दिलेले उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. लेझरचे शीड बाहीसारखे डोलकाठीवर चढवलेले असते, त्यामुळे पाण्यात असताना ते खाली उतरवता येत नाही. शर्यतीत सोबतीला बचाव बोट असते तेव्हा हे चालून जाते. पण डोंगरांच्या मधल्या पाण्यावर वारा एकसारखा न येता झोतांनी आणि दिशा बदलत येतो, आणि तिथे एकटे असताना एक दोर सोडताच शीड खाली आले पाहिजे, हा आपला आग्रह होता. तो मला पूर्ण पटला.

अखेर घेतली ती बारा फुटांची, फायबरची जुनी होडी. आखूड डोलकाठी, आडव्या काठीला बांधलेले एकच चौकोनी शीड, ते लहान करण्यासाठी त्यावर शिवलेली एक पट्टी, आणि सेंटरबोर्ड, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेली फळी; खाली काही लागले तर ती आपोआप वर उचलली जाते. जलाशय भरताना बुडालेले बांध आणि झाडांचे बुंधे पाणी उतरल्यावर अंगाला येतात, तेव्हा सरळ खाली खोचलेल्या फळीपेक्षा हे बिजागरीचे सेंटरबोर्ड किती शहाणपणाचे, हे मी आता स्वतः सांगू शकतो. डोलकाठी आखूड असण्याचा आणखी एक फायदा आपण काठावर उभे राहून बोटाने दाखवलात : उपसा सिंचनाच्या पंपांकडे जाणाऱ्या विजेच्या तारा. अॅल्युमिनियमची लांब डोलकाठी त्यांच्याखाली उभी करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कोणतीही डोलकाठी उभारण्यापूर्वी आधी वर पाहावे, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कृपया लक्षात ठेवावे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. पाटबंधारे खात्याला आधी विचारणे आणि ट्रेलरची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी करणे, ही दोन्ही कामे आपण होडी विकत घेण्यापूर्वीच करायला लावलीत. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर यावा, नाहीतर वेगात तो मागे डोलू लागतो, हेही आपलेच सांगणे. घरातला वजनकाटा हुकाच्या टोकाखाली ठेवून मी ते मोजले आणि होडी थोडी पुढे सरकवली. ट्रेलर मागे घेणे शिकण्यासाठी आपण मला उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाकडे धाडलेत, याचे तर मला अजूनही कौतुक वाटते. कारखान्याच्या गर्दीत ट्रॉली नेमकी मागे लावणाऱ्या माणसाइतका चांगला गुरू या विषयात मिळणे कठीण.

होडी मुद्दाम उलटवण्याचा सराव आपण कमरेएवढ्या पाण्यात करून घेतलात. बंद हवेच्या कप्प्यांमुळे ती तरंगत राहते, सेंटरबोर्डवर उभे राहून तिला सरळ करायचे आणि मागच्या बाजूने आत चढायचे; आत चढेपर्यंत हातातला दोर सोडायचा नाही, कारण रिकामी होडी पोहणाऱ्यापेक्षा लवकर दूर जाते. लाइफ जॅकेट घातल्यावर चढणे अवघड होते, म्हणून मागे लावलेली दोरीची पायरी ही आपली देणगी आहे, तिचे पैसेही आपण घेतले नाहीत.

शिडावर दुसरी पट्टी शिवून घेण्याचे आपण सुचवले होते. उन्हाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्यासाठी ती आवश्यकच आहे, हे मला पटले आहे. पहिल्या पट्टीपासून किती उंचीवर ती घ्यावी, एवढेच विचारायचे आहे. खडूने दोन खुणा करून ठेवल्या आहेत. वाईला याल तेव्हा त्या पाहून सांगावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
वाईचा एक होडीवाला