तंबोऱ्याची गवसणी

ग्वाल्हेर
७ डिसेंबर २०२५

चि. बंटीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "वर्षभरात काय काय बघितलंत?" आणि मी म्हणालो, "बघितलं काहीबाही." तुला मीटिंग होती, माझा कुकर तिसऱ्या शिटीवर आला होता. पण सगळा जन्म हिशेबाच्या टेबलावर काढलेल्या माणसानं असं मोघम उत्तर देऊ नये. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. फोनवर तीनदा जिभेवर आली आणि तीनदा गिळली. ती पुढे येईलच.

गेल्या डिसेंबरात तू आलास तेव्हा तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं. समाधीवर ढोलीबुवांची हरिकथा आणि मग मिलाद ऐकून आपण हजिऱ्याहून घरी आलो, आणि तू मफलरही न काढता टीव्हीला ते जपानी कार्टुनांचं क्रंचीरोल जोडून दिलंस. म्हणालास, "तुम्ही दोघं बघत जा. म्हणजे आपल्याला बोलायला तब्येत आणि थंडी सोडून काहीतरी राहील." मला ते जरा लागलं. पण खोटं नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

सुरुवात मात्र टीव्हीवर झाली नाही. जानेवारीत ते जपानी रामायण पुन्हा थेटरात लागलं. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून नव्वदीच्या सुरुवातीला केलेलं. तुझी आई आधी नको म्हणत होती, "चित्रातला राम काय बघायचा!" बाहेर पडताना म्हणाली, "अहो, ह्यांच्या चित्रात वारा वाहतो हो. पानं हलतात." घरी येऊन ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, त्यात नवल काय, आपला मोगलीपण जपानीच होता." मी उडालोच. म्हणजे १९८९ साली जपानात झालेली ५२ भागांची मालिका आपण दूरदर्शनवर रविवारी सकाळी अस्सल हिंदी समजून बघत होतो, कारण शेरखान नाना पाटेकरच्या आवाजात गुरगुरायचा. तू तेव्हा पाळण्यात. ज्या घरात पुढे मी तुला "काय ती जपानी कार्टुनं घेऊन बसतोस" म्हणून दटावलं, त्याच घरात मी स्वतः चहाचा कप घेऊन, ताईला मांडीवर बसवून जपानी कार्टून बघत होतो. ही एन्ट्री माझ्या नावे टाक.

तुझं ते ड्रॅगन बॉल झी मुद्दाम शोधून बघितलं, गुन्हेगाराची फाइल उघडावी तसं. गाण्याच्या क्लासची वेळ झाली की तू त्याच्यापुढे चिकटून बसायचास, आठवतं? ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं तो दुष्ट सांगतो आणि मग भागामागून भाग जातात, ग्रह काही फुटत नाही. पूर्वी मी ह्यावर हसलो असतो. आता म्हणेन, हा तर बडा ख्याल. समेवर यायला घाई कोणाला आहे? आलाप चाललाय, डोळे वटारून. ग्वाल्हेरच्या माणसानं तरी ह्याला नावं ठेवू नयेत.

डीमन स्लेयर मात्र चार भागांत सोडलं. बहिणीला पेटीत घालून पाठीवर वागवणारा तो मुलगा चांगला आहे, पण मुंडकी फार उडतात आणि आम्ही ते जेवताना लावायचो. हायक्यूतली व्हॉलीबॉलची पोरं आईला आवडली; त्या बुटक्या हिनाताला ती अजून "आपला ठेंगू" म्हणते. फ्रीरेनचे २८ भाग तिनं दोनदा बघितले. हजार वर्षं जगणारी बाई, तिला दहा वर्षांची सोबत म्हणजे दुपारची डुलकी. आणि तो हिमेल गेल्यावर मातीपाशी उभी राहून रडते की ह्याला ओळखून घ्यायचा प्रयत्न मी का केला नाही. आई त्या जागी उठून स्वयंपाकघरात गेली, गॅसवर काहीही नसताना. मी विचारलं नाही. त्या आठवड्यात तुला रोज दोन फोन का येत होते, ते आता कळलं असेल.

पण वर्ष खाल्लं ते रकुगोनं, म्हणजे जपानी कथाकथनावरच्या मालिकेनं. शोवा गेनरोकु रकुगो शिंजू. तूच म्हणाला होतास, "बाबा, हे तुमच्यासाठी आहे, पण हिंदीत नाही." हिंदीत नाही म्हणजे काय, ते बघायला बसल्यावर कळलं. जपानी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं, आणि तुझ्या आईला ती धावती अक्षरं वाचायला जमत नाहीत. मग मी थांबवायचो, मराठीत सांगायचो, पुन्हा सुरू करायचो. पहिलाच भाग पाऊण तासाचा. आम्हाला तो दोन संध्याकाळी पुरला. रिमोट अडकला की वरच्या भाडेकरूंची मुलगी खाली यायची. तेरा वर्षांची आहे, माणसं भिंडकडची. "अंकल, ये वाला नहीं, दूसरा बटन." तीही मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायला लागली. मराठी तिला निम्मं कळतं. उरलेलं ती जपानीतून लावत असावी.

आता तो खेळ बघ. गादीवर एक माणूस गुडघे मोडून बसतो. हातात पंखा आणि एक फडकं, बस. तोंड डावीकडे केलं की नवरा, उजवीकडे केलं की बायको. पंखा उघडला की पत्र, मिटून ओठाशी नेला की शेवयांच्या काड्या, आणि असा सुर्र करून ओढतो की भूक लागावी. मला पहिल्या दिवसापासून तुझे आजोबा दिसायला लागले. तू पाहिलंस ते त्यांचं थकलेलं रूप. भर उमेदीत नोकरी सांभाळून ते इथल्या 'चिटणीस की गोठ' भागातल्या वाड्यांत कीर्तनाला उभे राहायचे. पूर्वरंगात जांभया देणारे लोक उत्तररंगाला सरसावून बसत. हरिश्चंद्राचं आख्यान लावलं की खांद्यावरचं उपरणं डोक्यावर आलं की तारामती, कमरेला बांधलं की डोंब, आणि दोन्ही हातांवर आडवं धरलं की रोहिदास. मेलेला. त्या वेळी वाड्यातल्या बायका त्या उपरण्याकडे बघून रडायच्या. मी मागे झांज घेऊन उभा, वय वर्षं अकरा. मला माहीत होतं की ते उपरणं सकाळी मीच वाळत घातलं होतं, तरी मीही रडायचो.

तर ती शिनिगामीची गोष्ट आली. कर्जात बुडालेल्या माणसाला मृत्यूचा देव भेटतो आणि गुपित सांगतो: मी रोग्याच्या पायथ्याशी बसलो असेन तर मंत्र म्हण, रोगी वाचेल, उशाशी बसलो असेन तर हात लावू नकोस. हा वैद्य होऊन पैसा करतो. शेवटी लोभानं चार गडी लावतो आणि देवाला डुलकी लागलीशी बघून रोग्याचं अंथरूणच फिरवतो, उशाचं पायथ्याशी. मग देव त्याला तळघरात नेतो. तिथे मेणबत्त्याच मेणबत्त्या, एकेक माणसाची एकेक. "माझी कुठली?" ही, विझायला आलेली. दुसरी पेटवून घे, जमलं तर. आणि हात थरथरतोय.

इथे मी रिमोट दाबला आणि सांगायला लागलो. सांगता सांगता कधी उठून उभा राहिलो ते कळलं नाही. खांद्यावर टॉवेल होता. "विझते… विझते…" म्हणताना माझा हात खराच थरथरत होता, अर्धा वयानं, अर्धा कशानं कोण जाणे. जिन्यावरची पोरगी तोंडावर हात घेऊन बसलेली. आईच्या विणकामाच्या सुया थांबलेल्या. मी थांबल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, मग आई म्हणाली, "अगदी मामंजी उभे राहिल्यासारखे वाटलात." आणि मग, "टीव्ही लावा आता, खरा कसा करतो ते बघू." खरा अर्थातच माझ्याहून शंभर पटींनी बरा करतो. तो शेवटी नुसता पुढे कोसळतो. मेणबत्ती विझल्याचं सांगतच नाही.

मालिकेतल्या त्या म्हाताऱ्या याकुमोचा मला वर्षभर राग येत राहिला. याकुमो नावाचा हा आठवा, नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कला अशी की तुरुंगातला गुंड ऐकून सुधारतो आणि सुटल्याबरोबर दाराशी येऊन उभा राहतो, मला शिष्य करा म्हणून. आणि म्हाताऱ्याच्या मनात काय, तर रकुगो माझ्याबरोबरच संपावं. घरात कोनात्सू आहे, मित्राची मुलगी, तिला वडिलांच्या गोष्टी लहानपणापासून तोंडपाठ, पण बाईच्या जातीला ती गादी नाही. मी तावातावानं म्हणायचो, "हा कोण मोठा लागून गेला? कला काय ह्याच्या बापजाद्यांची इस्टेट आहे, चितेवर घेऊन जायला?" एकदा आई सुईवरचे टाके मोजता मोजता म्हणाली, "एवढं चिडायला काय झालं?" आणि वर माळ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

माळ्यावर काय आहे ते तुला माहीत आहे. आजोबांचा मिरजेचा तंबोरा. तू सहावीत क्लास सोडलास त्या दिवशी मी तो कापडी गवसणीत घालून वर ठेवला आणि तुला म्हणालो, "जेव्हा अक्कल येईल तेव्हा उतरव." वीस वर्षं झाली. दर दिवाळीला मी वर चढून धूळ झटकली, पण खाली काही आणला नाही, आणि तू आलास की मुद्दाम तुझ्यासमोर माळ्याकडे बघायचो. तुला कळायचं, हे मला कळायचं. खरं विचारशील तर आजोबांचं मी तरी काय घेतलं? अकराव्या वर्षी झांज, सोळाव्या वर्षी तीही सुटली. क्लासला तुला पाठवत होतो आणि थकबाकी माझी होती.

आता ती गोष्ट. ऑगस्टातली. रकुगोच्या सुरुवातीला ते गाणं लागतं ना, बाईच्या धुरकट आवाजातलं, मी ते नेहमी पुढे ढकलायचो. एके दिवशी जिन्यावरून तीच चाल ऐकू आली. पोरगी दोरीवरचे कपडे काढता काढता गुणगुणत होती. शब्द सगळे चुकीचे, पण मधे तो स्वर जिथे सरळ न जाता जरा अडून, वाकून उतरतो, ती जागा तिनं अचूक घेतली. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा तशीच घेतली. कुठे शिकतेस? कुठेच नाही. हस्सू-हद्दू खाँ ह्या गवई भावांनी बडे मोहम्मद खाँची तान पडद्यामागे लपून उचलल्याची गोष्ट आपल्या गावात पोराटोरांना ठाऊक आहे. इथे पडदाही नव्हता, दोरीवर वाळत घातलेली चादर होती.

मी दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो. भोपळा शाबूत निघाला. दोन खुंट्या आवळल्या होत्या आणि तारांना गुंजन देणारी जवारी पार गेलेली. लश्कर भागात दुरुस्तीला दिला. मर्दानी तंबोरा, मुलीच्या उंच पट्टीला, काळी चारला, लागायचा म्हणजे तारा सगळ्या बदलाव्या लागल्या. कारागीर म्हणाला, "बाबूजी, जनानी घ्या, हलका पडेल." मी म्हणालो, हाच द्यायचा आहे. घरी आणून जवारीचा दोरा सरकवत मी एकटाच बसलो होतो, तर एका जागी तो असा बोलायला लागला की आई दळण टाकून आली. मग वर जाऊन त्यांच्या दाराशी ठेवून आलो. तिची आई आधी घेईचना, "ये तो आपके घर की चीज़ है." आता पोरगी माधव संगीत महाविद्यालयात जाते आणि संध्याकाळी वरून षड्ज येतो, बराचसा बेसूर. शनिवारी ती खाली येऊन मला रिमोट शिकवते.

तुला आधी विचारायला हवं होतं. वस्तू तुझ्या नावानं ठेवलेली होती, तुला न विचारता दिली, हे चुकलं. पण विचारलं असतं तर तू "द्या की बाबा" म्हणाला असतास आणि मला त्यात पुन्हा काहीतरी लागलं असतं, म्हणून तेही टाळलं.

गवसणी दिलेली नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची आहे आणि आतल्या बाजूला आईनं टाक्यानं तुझं नाव घातलं आहे, सहावीतल्या तुझ्यासाठी. धुऊन, इस्त्री करून तुझ्या कपाटात ठेवली आहे. येशील तेव्हा बघ. लॅपटॉपला फार मोठी होईल, पण तुझी आहे.

आई आशीर्वाद सांगते.

तुझे
बाबा

ता. क. : समारोहाला चार दिवस तरी काढून ये. सकाळी समाधीवर, रात्री रकुगोचा दुसरा सीझन. त्यात कोनात्सू गादीवर बसते तो भाग आईला पुन्हा बघायचा आहे, आणि ह्या खेपेला मी मधे थांबवायचं नाही अशी तिची अट आहे. आणि क्रंचीरोलचे पैसे संपल्याचा मेसेज आला आहे, तेवढं बघ.