तळोद्याच्या मित्रास, सार्वजनिक आरोग्याच्या ऑनलाइन पदवीबद्दल

चोपडा,
दि. १४ जून

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार. सार्वजनिक आरोग्याची पदवी ऑनलाइन करायचं तुझ्या मनात आहे हे वाचून फार बरं वाटलं. तळोदा, धडगाव, अक्कलकुवा या भागाला या विषयातली माणसं हवीच आहेत. फक्त फी भरायची घाई करू नको भो. हे पत्र नीट वाच आणि मग ठरव.

पहिलं काम मान्यता तपासायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा. ज्या सत्राला प्रवेश घेणार त्याच सत्राची यादी उघड. तिच्यात विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, त्या नावापुढे तुझा अभ्यासक्रमही दिसला पाहिजे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण यांसह आरोग्याशी संबंधित बरेच अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने चालवायला यूजीसीने मनाई केली आहे. त्यामुळे पदवीच्या नावात ‘आरोग्य’ असेल तर दुप्पट खात्री कर. ‘यादीत नाव येणारच आहे’ असं कोणी फोनवर सांगितलं तर पैसे भरू नको. प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या शैक्षणिक खात्याचा क्रमांक, काढावा लागतो. दोन्हीकडे तुझं नाव मार्कशीटवर आहे तसंच असू दे, नाहीतर कागद तिथेच अडकतात. परदेशी विद्यापीठ धरणार असशील तर त्या पदवीची समकक्षता भारतात मिळेल का, हे आधी यूजीसीकडून लेखी मागव.

यादीत मनासारखं काही नाही मिळालं तरी वाट बंद होत नाही. संख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांतली साधी मान्य पदवी घे आणि जोडीला स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे साथरोगशास्त्राचे कोर्स कर. काही संस्थांत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मला तर तळोद्यात राहून शिकणाऱ्यासाठी हाच मार्ग जास्त सुरक्षित वाटतो.

या पदवीने डॉक्टर होता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांग. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागेला आयुर्वेद, युनानी किंवा नर्सिंगचं शिक्षण लागतं. तुझं काम सर्वेक्षण, माहितीचं विश्लेषण, कार्यक्रमाचं नियोजन आणि देखरेख या बाजूचं राहील.

आता वेळेचा हिशोब. एक क्रेडिट म्हणजे किमान ३० तासांचा अभ्यास. सत्राला २० क्रेडिट धरले तर ६०० तास झाले, आणि २० आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला ३० तास. शेती किंवा नोकरी सांभाळून हे जमतं, पण रोज पहाटे दोन तास आणि सुटीचे दोन्ही दिवस द्यावे लागतात. नुसते व्हिडिओ बघून तास मोजू नकोस. निम्मा वेळ तरी हातात पेन पाहिजे.

जीवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्र या दोन विषयांत मुलं सगळ्यात जास्त अडकतात, कारण सूत्रं पाठ होतात आणि भाजक सुटतो. एक उदाहरण देतो, वहीत मांडून बघ. समज, लग्नात १२० जण जेवले आणि ५२ जणांना उलट्या-जुलाब झाले. बासुंदी खाल्लेले ८०, त्यांतले ४८ आजारी, म्हणजे ६० टक्के. न खाल्लेले ४०, त्यांतले ४ आजारी, म्हणजे १० टक्के. ६० ला १० ने भाग, सापेक्ष जोखीम आली ६, म्हणजे बासुंदी खाणाऱ्यांना धोका सहापट. आता वांग्याचं भरीत बघ. खाल्लेले १००, आजारी ४४. न खाल्लेले २०, आजारी ८. म्हणजे ४४ टक्के आणि ४० टक्के, गुणोत्तर १.१. आजारी माणसांपैकी ४८ जणांनी बासुंदी खाल्ली आणि ४४ जणांनी भरीत, नुसतं एवढंच पाहिलं असतं तर दोन्ही पदार्थ सारखेच संशयित वाटले असते. म्हणून जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारावंच लागतं, आणि नवशिके नेमके तेच विसरतात. जेवणानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला तेही लिहून घे. एक ते सहा तासांत जोरात उलट्या झाल्या तर स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा संशय घ्यायचा, बारा ते छत्तीस तासांनी ताप-जुलाब आले तर साल्मोनेलाचा. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या वेळी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती हेच केलं होतं, घरोघर जाऊन मोजलं होतं.

तुमच्या भागात तर भाजक हलता असतो. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि बरीच होळीला परततात. समज, पाड्यावर पाच वर्षांखालची ९० मुलं नोंदलेली आहेत. डिसेंबरात तुला ५० च भेटली आणि त्यांतली ५ तीव्र कुपोषित निघाली. पाचला नव्वदने भागून साडेपाच टक्के लिहिलंस तर ते चूक. मोजलेल्यांतलं प्रमाण १० टक्के आहे, आणि न भेटलेल्या ४० जणांबद्दल तुझ्याकडे काहीच माहिती नाही. अहवालात हे दोन्ही स्पष्ट लिही. पट्टीनं दंडघेर घेताना डावा हात सैल सोडायला लाव, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य आधी खुणेनं ठरव, पट्टी टेकू दे पण आवळू नको. सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी आला तर ते अतितीव्र कुपोषण. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असो, मूल त्याच गटात धरायचं. पट्टी आवळली की घेर कमी भरतो, तिरकी धरली की जास्त.

पर्यावरण आरोग्याचा धडा आला की जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावचं पाणी शुद्ध ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, विहिरीवर जा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची हे काढायला हॉरॉक्सचं उपकरण वापरतात. काळ्या कपात २ ग्रॅम पावडरचं द्रावण करतात, सहा पांढऱ्या कपांत पाणी घेऊन एक, दोन, तीन असे चढत्या क्रमानं त्याचे थेंब टाकतात, ढवळून अर्धा तास थांबतात आणि मग सूचक द्रावण घालतात. ज्या कपात पहिल्यांदा ठळक निळा रंग येतो त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, एवढी पावडर ४५५ लिटरला लागते. आपल्या उन्हात उघड्या पोत्यातली पावडर क्लोरीन सोडून देते. मग माप बरोबर असूनही ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येत नाही.

सराव करायला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) ची जळगाव, धुळे, नंदुरबारची पत्रकं मोफत मिळतात. तिन्ही समोर ठेवून लसीकरण आणि रक्तक्षयाचे आकडे एक्सेलमध्ये भर, आलेख काढ आणि मग तेच ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघ. प्रत्यक्ष कामासाठी पहिल्याच सत्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज दे. शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी परवानगी मागायला गेलास तर पावसाळा आणि मोहिमा आडव्या येतात. आशाताईंबरोबर फिरताना त्यांच्या वेळेनं फिर, त्यांना मानधनावर ढीगभर काम असतं. आणि घरात शिरण्याआधी संमती घ्यायची, लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची.

परीक्षा कॅमेऱ्यासमोर असते. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, चेहरा काळा दिसतो. खोलीत दुसरं कोणी फिरकू देऊ नकोस. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेव, आणि निवडता आलं तर मे महिन्यात सकाळचीच वेळ घे. ४४-४५ अंशांत लॅपटॉप तापून अडखळतो. व्हिडिओ रात्री उतरवून ठेव.

यादीत काय दिसलं ते मला कळव. विद्यापीठाचं माहितीपत्रक आणि पहिल्या सत्राचा अभ्यासक्रमही पाठव, तू पैसे भरायच्या आत मी वाचून ठेवतो. माईंना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर