चालण्याच्या सहलीतून चालणेच वगळले : इटलीतील अमाल्फी किनारा व बेटे या सहलीबाबत तक्रार

पुणे,
९ जून

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पदभ्रमण सहलीचा कार्यक्रम परस्पर बदलल्याबद्दल आणि रकमेच्या परताव्याबाबत.

संदर्भ : १२ ते २० मे या सहलीची नोंदणी पावती व माहितीपत्रक (प्रती सोबत).

महोदय,

मी आणि माझे पती आपल्या कंपनीच्या अमाल्फी किनारा आणि बेटे या पदभ्रमण सहलीला गेलो होतो. दोघांचे मिळून ५,७०,००० रुपये आम्ही दोन हप्त्यांत भरले. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझे म्हणणे पुरते ऐकून न घेता पुढच्या सहलीवर पाच टक्के सूट देऊ केली गेली. मला सूट नको आहे. काय घडले ते आपण नीट वाचावे म्हणून हे लेखी देत आहे.

माहितीपत्रकात सात पदयात्रा छापल्या होत्या. मायोरीहून मिनोरीला जाणारी लिंबांची वाट आणि तिथून पायऱ्यांनी रावेल्लो; अमाल्फीच्या मागची फेर्रिएरे दरी; बोमेरानो ते नोचेल्ले ही ‘सेंतिएरो देली देई’, म्हणजे देवांची वाट; तेर्मिनी गावातून पुंता कंपानेल्लाचे टोक; काप्री बेटावर एक मुक्काम धरून दोन पदयात्रा; आणि शेवटी इस्किया बेटावरचा एपोमेओ डोंगर. गट जास्तीत जास्त १२ जणांचा, सोबत रोज स्थानिक वाटाड्या आणि सामान हॉटेलच्या दारापर्यंत, असेही लिहिले होते. प्रत्यक्षात गट १८ जणांचा निघाला. वाटाड्या पहिल्या दिवसानंतर दिसला नाही. अमाल्फीतल्या हॉटेलच्या शंभरावर पायऱ्या आम्ही आपापल्या बॅगा घेऊन चढलो. आणि सातपैकी एक पदयात्रा पूर्ण झाली, एक अर्धी झाली, पाच आपण रद्द केल्या.

ही सहल आम्ही का निवडली ते सांगते, कारण त्याशिवाय आमचे काय गेले ते कळणार नाही. मी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. आमचे सगळे चालणे सह्याद्रीतले, म्हणजे थरावर थर साचलेल्या काळ्या बेसॉल्टवरचे. तिकडे अमाल्फी किनारा ज्यावर आहे ते सोरेंतोचे द्वीपकल्प चुनखडीचे आहे. काप्री हे त्याच चुनखडीचे समुद्रात तुटून पडलेले टोक. कंपानेल्लापासून ते जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. नेपल्सच्या आखाताच्या दुसऱ्या बाजूची इस्किया आणि प्रोचिदा ही बेटे मात्र ज्वालामुखीतून आलेली. एकाच आखाताच्या दोन तोंडांशी दोन वेगळ्या जन्माची बेटे आहेत आणि आठवडाभर चालले तर हा फरक पायाला कळतो. फळ्यावर नकाशा काढून जे शिकवले त्यावर एकदा पाऊल ठेवायचे होते. निवृत्तीच्या पैशांतून एवढी मोठी रक्कम बाजूला काढली ती यासाठी. निव्वळ इटली पाहायची असती तर याहून स्वस्त सहली पुष्कळ होत्या.

आमची वये ६२ आणि ६६. ती आपल्याला नोंदणीच्या दिवसापासून ठाऊक होती. आपण डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले, ते दिले. साठीच्या वर असल्याने हृदयाची ट्रेडमिल चाचणी करायला सांगितली, ती दोघांनी स्वखर्चाने केली. रोज पाच-सहा तास चालायची तयारी ठेवा, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर बजावले. आम्ही बरीच वर्षे दर रविवारी सिंहगड चढतो, तरी जाण्याआधी तीन महिने आठवड्यातून चार दिवस तळजाई टेकडी केली, तेही बूट पायात बसावेत म्हणून नवे बूट घालून.

पहिला दिवस आपण कबूल केल्याप्रमाणे झाला आणि तो फार चांगला होता, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. स्थानिक वाटाड्या बाई होत्या. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या लिंबांच्या बागा, चेस्टनटच्या लाकडाचे मांडव, टोपली खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारे लोक, हे सगळे त्यांनी थांबून समजावून सांगितले. तिथले लांबट लिंबू, ‘स्फुसातो’, त्यांनी कापून सालीसकट खायला दिले. हे बांध पडले की माती वाहून जाते आणि दरडी कोसळतात, म्हणून बागा टिकणे म्हणजे किनारा टिकणे, असे त्या म्हणाल्या. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. अशीच सहल सात दिवस मिळाली असती तर मी आज आपल्याला आभाराचे पत्र लिहीत असते.

दुसऱ्या दिवशी फेर्रिएरे दरीत जुन्या कागद गिरण्यांच्या पडक्या भिंतींपर्यंत पोचलो आणि साडेबाराचे जेवण ठरले आहे म्हणून मागे फिरवले गेले. त्या दरीच्या आतल्या ओलाव्यात वुडवार्डिया नावाचे मोठे नेचे आहेत. बर्फयुगाच्याही आधीच्या उष्ण काळातून ते तिथे टिकून राहिले, असे मानतात. त्यांच्यासाठी मी भिंगसुद्धा नेले होते.

त्याच रात्री टूर मॅनेजरने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, की उद्याचा ट्रेक रद्द, ग्रुपमध्ये सीनियर सिटिझन आहेत, रिस्क नको, त्याऐवजी पोझितानोमध्ये शॉपिंगला मोकळा वेळ. गटात साठीच्या वरचे आम्ही चौघे होतो. आमच्यापैकी एकालाही विचारलेले नव्हते. चौघांपैकी तिघांना चालायचे होते. अठरा माणसांसमोर आपले वय हे सगळ्यांचा कार्यक्रम बुडण्याचे कारण म्हणून सांगितले जाते तेव्हा कसे वाटते, याचा आपण एकदा विचार करावा. माझे पती त्या रात्री नीट जेवले नाहीत.

आम्ही दोघांनी जायचे ठरवले. तेव्हा ‘स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत’ असा कागद आमच्याकडून लिहून घेतला गेला. मात्र नकाशा मिळाला नाही. बसची तिकिटे तंबाखूच्या दुकानात मिळतात, हेसुद्धा हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी सांगितले. सकाळच्या बसने बोमेरानोला पोचलो. तिथून खडकांवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे आम्ही निघालो. ही वाट साधारण साडेसहा किलोमीटरची, समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवरून डोंगराच्या कडेने जाणारी. ती अवघड नाही. राजगडाची संजीवनी माची हिंडलेल्या माणसाला तर नाहीच. फक्त चुनखडीचा दगड हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, आपल्या बेसॉल्टसारखा बूट धरून ठेवत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येते आणि मग पाऊल आपोआप जपून पडते. उन्हात तापलेल्या रानटी रोझमेरीचा वास सगळीकडे होता. खाली पोझितानो, त्याच्यासमोर ली गाल्लीची छोटी बेटे, आणि पार टोकाला धुरकट काप्री. माझे पती एका दगडावर बसून पंधरा मिनिटे काही न बोलता पाहत राहिले. हे त्यांना मिळाले याचा मला फार आनंद आहे. पण ते आपल्या कंपनीमुळे मिळालेले नाही.

नोचेल्लेहून खाली हमरस्त्यापर्यंत दीड हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. नोचेल्लेतून पोझितानोला छोटी बससुद्धा जाते. आमच्याबरोबर वाटाड्या असता तर त्याने ते नक्की सांगितले असते. आम्हाला माहीत नव्हते, म्हणून आम्ही भर उन्हात त्या सगळ्या पायऱ्या उतरलो. शेवटच्या टप्प्यात माझ्या पतींचा डावा गुडघा दुखू लागला. चार वाजता निघणार असलेली आपली गाडी आम्ही वीस मिनिटांनी चुकलो. गाडी निघण्याआधीच मी फोन करून पाय दुखतो आहे, थोडे थांबा, असे सांगितले होते. उत्तर आले, की गटाला थांबवता येत नाही आणि कागदावर तुमची सही आहे. पोझितानोहून परतताना दोन बस भरलेल्या असल्यामुळे न थांबता गेल्या. तिसऱ्यात उभ्याने वळणावळणाचा रस्ता काढून आम्ही रात्री आठला हॉटेलवर पोचलो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला होता. डॉक्टरांची पावती सोबत जोडली आहे.

त्या कागदाबद्दल स्पष्ट लिहिते. छापील कार्यक्रमातली पदयात्रा आपण रद्द केली आणि ती स्वतः करणाऱ्या ग्राहकाकडून सही घेतली. जे आम्ही विकत घेतले होते तेच आमच्या जोखमीवर टाकले गेले. ती सही आपल्याला जबाबदारीतून मोकळे करते असे मी मानत नाही.

१६ तारखेला कंपानेल्लाऐवजी सोरेंतोमध्ये लिमोंचेल्लो या लिंबाच्या मद्याचा कारखाना आणि लाकडी जडावकामाचे दुकान दाखवले. पुढे काप्री. तिथला मुक्काम परस्पर रद्द करून आम्हाला बेटावर चार तास दिले गेले. लाटांमुळे निळी गुहा बंद होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. समुद्र कोणाच्या हातात नसतो. पण मारीना ग्रांदे बंदरातून वरच्या अनाकाप्री गावाकडे चढणाऱ्या ‘स्काला फेनिचा’च्या ९२१ पायऱ्या समुद्राने बंद केल्या नव्हत्या. ग्रीक वसाहतीच्या काळातल्या त्या पायऱ्या १९ व्या शतकात रस्ता होईपर्यंत तिथल्या लोकांच्या येण्याजाण्याची मुख्य वाट होत्या. बायका डोक्यावर ओझी घेऊन त्या चढत. विला योविसला जाणारी वाटही उघडी होती. सम्राट तिबेरियस इ. स. २७ ते ३७ ही शेवटची दहा वर्षे काप्रीवर राहिला आणि रोमचा कारभार तिथून हाकला. काप्री गावच्या चौकापासून त्याच्या महालाचे, म्हणजेच विला योविसचे, अवशेष पाऊण तासाच्या चालीवर आहेत. मी टूर मॅनेजरला म्हटले, आम्ही दोघे भरभर जाऊन येतो. ते नाही म्हणाले. त्या चौकात दोन तास दुकानांच्या काचा पाहत उभे राहणे मला फार जड गेले.

इस्कियाच्या दिवशी वारा होता आणि जलद बोटी बंद होत्या, हे खरे आहे. मोठ्या, गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी मात्र चालू होत्या. नेपल्सच्या धक्क्यावरून त्यांतली एक सुटताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिला वेळ जास्त लागतो, एवढेच. तिकिटे बदलून घेण्याऐवजी आम्हाला एका मॉलमध्ये नेले. एपोमेओ ७८९ मीटरचा आहे, फोंताना गावातून तासाभराची चढण. तिथला हिरवट टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, हातात घेऊन पाहायचा, एवढेच मला त्या दिवसाकडून हवे होते.

हे सगळे का झाले ते शेवटच्या रात्री कळले. ठाण्याच्या एका कुटुंबाकडे आपल्याच कंपनीचे दुसरे माहितीपत्रक होते. तारखा त्याच, हॉटेले तीच. पण मजकूर निवांत स्थलदर्शनाचा, आणि पदयात्रा एकही नाही. म्हणजे दोन वेगळ्या सहली नोंदणी कमी झाल्यामुळे एकत्र केल्या गेल्या आणि दोन्ही गटांपासून ते लपवले. त्या कुटुंबात सात वर्षांची मुलगी होती. तिला डोंगरकडेच्या वाटेवर न्यायचे नव्हते हे बरोबरच आहे, त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. राग याचा आहे, की खरे कारण हे असताना ते आमच्या वयावर ढकलले. निघण्यापूर्वी एक फोन केला असता तर आम्ही पैसे परत घेऊन पुढच्या वर्षी गेलो असतो.

आपल्या टूर मॅनेजरची ती इटलीची पहिलीच खेप होती. मुलगा मेहनती होता. माझ्या पतींच्या गुडघ्यासाठी रात्री बर्फ त्यानेच आणून दिला. त्याच्यावर कारवाई करून हे प्रकरण मिटवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निर्णय कार्यालयात झाला होता.

आमची मागणी अशी. रद्द केलेल्या पाच पदयात्रा, न दिलेला वाटाड्या आणि काप्रीचा न झालेला मुक्काम यांपोटी २,००,००० रुपये, तसेच बस व डॉक्टर यांवर झालेला ८६ युरोंचा खर्च परत मिळावा. सहली एकत्र केल्याचे आपण लेखी मान्य करावे. आणि १४ तारखेच्या रात्री जे सर्वांसमोर बोलले गेले त्याबद्दल माझ्या पतींच्या नावे दिलगिरीचे पत्र पाठवावे. रकमेबाबत बोलायची माझी तयारी आहे. दिलगिरीच्या पत्राबाबत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, याची मी माहिती करून घेतली आहे.

आपली,
(सही)
निवृत्त शिक्षिका, पुणे

सोबत : नोंदणी पावती, दोन्ही माहितीपत्रकांच्या प्रती, वैद्यकीय प्रमाणपत्रे व चाचणी अहवाल, बसची तिकिटे, डॉक्टरांची पावती.