कृष्णाकाठच्या गाईंसाठी वळू आणायचाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी, आपल्या पाच गावांतल्या कृष्णा व्हॅली गाई पाळणाऱ्यांच्या मंडळाकडून हे लिहितोय. जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा, कारण मागणं नुसतं पैशाचं नाही.

विषय असा की पाच गावांत मिळून आता आपल्या माहितीतल्या १४ गाई उरल्यात आणि चालू वळू एकच. तो म्हातारा झालाय हे तर आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे, १४ पैकी ८ गाई त्याच्याच लेकी आहेत. बापावरच लेक भरवली तर वासरात २५ टक्के इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातलं तेच ते रक्त, येतं, म्हणजे वासरं बारकी निपजतात, कालवडी माजावर उशिरा येतात, गाई उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, आणि साथ आली की हीच जनावरं आधी आडवी पडतात. आपल्या आज्यापणज्यांना टक्के माहीत नव्हते पण नियम माहीत होता, लेक माजावर यायच्या आत बाप दुसऱ्या गावाला द्यायचा आणि तिकडचा इकडं आणायचा. आता अदलाबदल करायला दुसऱ्या गावात वळूच राहिलेला नाही.

कांडी भरा की, म्हणजे वळूऐवजी साठवलेल्या वीर्याच्या नळीनं गाय भरवा, असं बरेच जण सांगतात. ऐका, मागच्या पावसाळ्यात आमच्या एका मावशींची गाय पहाटे हंबरायला लागली, सोट (माजाचा चिकट स्राव) पडला होता, माज अगदी पक्का. फोन केला, माणूस आला संध्याकाळी आणि आल्यावर म्हणाला या जातीची कांडी नाही, एचएफची (होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीची) आहे, भरू का. मावशी नाही म्हणाल्या. २१ दिवसांनी परत तेच, त्यानंतरच्या माजाला पण तेच. चौथ्या खेपेला मावशींच्या मुलानं कंटाळून एचएफ भरली, आणि मी त्याला काय म्हणू, त्याचं पण घर दुधावर चालतं. आपली गाय एका वेताला सरासरी ९०० लिटरच्या आसपास दूध देते, एचएफपुढं हा आकडा टिकत नाही हे मान्य करूनच आपण ही गाय पाळतो. पण त्या दिवशी एक कूस वाया गेली हे खरं, आणि १४ मधली एक कूस म्हणजे किती मोठी गोष्ट ते बघा. गाभणकाळ ९ महिन्यांच्या वर, म्हणजे तिचं वर्ष गेलंच.

म्हणून गेले वर्षभर आम्ही सीमेपलीकडं कर्नाटकात हिंडतोय, जमखंडी, मुधोळ, रायबाग, अथणी. ही जात दोन्ही बाजूंची आहे, सांगली, सातारा, सोलापूर आपल्याकडं आणि बेळगाव, विजापूर तिकडं, नदी एकच. अथणीच्या पुढं एका वस्तीवर शेवटी खोंड सापडला, तीन वर्षांचा, आपल्या वळूशी लांबचं पण नातं नाही. मी तिथं अर्धा तास नुसता त्याच्याकडं बघत बसलो होतो. कपाळ पुढं फुगलेलं, शिंगं आखूड आणि आत वळलेली, अंगानं पांढरा पण मानेवर आणि वशिंडावर करडा रंग चढायला लागलेला, गळ्याची पोळी पार खालपर्यंत, पाय आखूड, छाती रुंद आणि शेपटीचा गोंडा जवळजवळ जमिनीला टेकतोय. खाली वाकून खूर बघितला, मऊ आणि उंदराच्या रंगाचा. हा खूर डांबरी रस्त्याचा नाही. खिलार पळायला, हा ओढायला, काळ्या चिकट रानात सावकाश पण न थांबता. त्याचे मालक असलेल्या अज्जांनी दोनच अटी घातल्या, बडवायचा (खच्ची करायचा) नाही आणि वैरणीला कमी करायचं नाही. आम्ही शब्द दिलाय.

ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडच्या जनावरांचं रक्त इथल्या गाईत आणून ही पैदास उभी केली, कशासाठी तर नदीकाठच्या काळ्या रानाची नांगरट झेपावी म्हणून. पुढं ट्रॅक्टर आला, ऊस वाढला, दुष्काळात दावणी मोकळ्या झाल्या आणि मग संकर सुरू झाला. कुणा एकाला दोष द्यावा असं त्यात काही नाही, ज्याला जे परवडलं त्यानं ते केलं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत भारतीय वंशाची ३०० सुद्धा जनावरं गेली नाहीत, त्यातले बहुतेक वळूच. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णा व्हॅली, या चार रक्तांतनं त्यांनी ब्राह्मन नावाची जात केली, १९२४ साली पाळणाऱ्यांची संघटना काढली आणि तेव्हापासून प्रत्येक वासराचा बाप कोण, आई कोण, हे वहीत लिहीत आलेत. त्यांची मांसासाठीची मोठी पैदास आज याच रक्तावर उभी आहे, ब्रँगसमध्ये ८ पैकी ३ हिस्से ब्राह्मनचे, सांता गर्ट्रुडिसमध्ये पण तेवढेच, बाकीचं अँगस नाहीतर शॉर्टहॉर्न. का, तर ऊन सोसतं, गोचीड कमी धरतं, निकस चाऱ्यावर तगतं. त्यांनी जनावर कशासाठी पाळायचं आणि आपण कशासाठी, हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. पण मूठभर जनावरांवर त्यांनी जगभर जात पसरवली ती नोंद ठेवून आणि वळू जपून, आणि जिथनं रक्त गेलं तिथं आपल्याकडं आत्ताआत्तापर्यंत साधी वंशावळीची वही नव्हती. १४ पैकी ५ गाईंचा बाप कोण हे आज कुणालाच सांगता येत नाही, ज्यांना माहीत होतं ती माणसं गेली.

तर आता मागणं काय ते सांगतो.

पहिलं आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे खोंड आणायचा खर्च. टेम्पो, वाहतुकीला लागणारा डॉक्टरांचा दाखला, आणि त्याच्या आधी रोगांच्या तपासण्या. टीबी, ब्रुसेला, जेडी (जनावराला सारखी हगवण लावून खंगवणारा जोन्स रोग) हे बघितल्याशिवाय आम्ही त्याला एकाही गाईजवळ सोडणार नाही, ब्रुसेला एकदा दावणीत घुसला की गाई गाभडतात आणि माणसालाही होतो. आल्यावर महिनाभर वेगळा बांधायचा. लंपीची लस आधी आणि मग प्रवास. २०२२ मध्ये आमच्या दोन गाई लंपीनं गेल्या, अंगावरच्या गाठी फुटून माश्या बसायच्या आणि आम्ही रात्रभर कडुलिंबाचा धूर करत बसायचो, ते परत बघायचं नाही.

दुसरं, गोठा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचा वळू तेव्हा पाच दिवस रस्त्याच्या कडेला बांधून होता, गुडघाभर चिखलात, वरनं पाऊस, खायला मिळेल ते उसाचं भिजलेलं वाढं. वर सांगितलं तसं याचे खूर मऊ, ते कुजायला लागले. पाणी उतरल्यावर दोन महिने आम्ही पाळीपाळीनं सकाळ संध्याकाळ पोटॅशच्या (जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्यानं खूर धुतले, एका पायावर तो आजही भार कमीच टाकतो आणि म्हणूनच उडी मारायला बिचकतो. २०२१ ला परत पाणी आलं. आता एका सभासदानं आपली उंचावरची दोन गुंठे जागा वापरायला दिलीय, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या बरीच वर. तिथं पत्र्याची शेड, मुरूम टाकून उंच केलेली जमीन, गव्हाण आणि पाण्याची टाकी एवढंच करायचंय. काँक्रीटची गुळगुळीत फरशी नको, घसरतो. पत्रे, अँगल, जुने पाइप, मुरमाची ट्रॉली, कुणाकडं जे पडून असेल ते चालेल. वेल्डिंग येणारी दोन पोरं रविवारी आली तरी निम्मं काम होईल.

तिसरं वैरण. ५०० किलोच्या वळूला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा आहार लागतो, त्यातला निम्मा कडबा धरला तरी वर्षाला एका वळूचा दोन टनांजवळ कडबा झाला, आणि आपल्याकडं म्हातारा आणि नवा असे दोन होणार. म्हाताऱ्याला आम्ही विकणार नाही, त्याच्या अंगावर ही १४ जनावरं टिकली. वळू दूध देत नाही, आता नांगरालाही कुणी जुंपत नाही, त्यामुळं एकट्या माणसाला तो झेपतच नाही, तो गावानंच सांभाळायचा असतो. घरटी १० पेंढ्या आल्या तरी ओझं कुणालाच होणार नाही.

आणि ज्यांच्याकडं पैसे नाहीत, वैरण नाही, त्यांनी हे एक करा. तुमच्या पाहुण्यांच्या गावात, बहिणीच्या सासरी, कुठंही कपाळ फुगलेली, आखूड शिंगाची, पांढरी, बुटकी पण भारदस्त गाय दिसली तर समोरनं आणि बाजूनं एक एक फोटो काढा आणि मालकाला विचारून आम्हाला कळवा. आजोबांनी कुठनं आणली होती एवढं जरी कळलं तरी वहीत एक ओळ वाढते. वही आम्ही चालू केलीय, प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला आणि वहीत एक पान, वेताची तारीख, भरवल्याची तारीख, बाप. ज्यांना कॉम्प्युटरवर टायपिंग येतं अशी एखादी ताई किंवा दादा महिन्यातनं दोन तास देणार असेल तर फार बरं होईल.

पैसे मंडळाच्या खजिनदारांकडं द्या आणि पावती घ्याच. पावतीशिवाय कुणी मागितलं तर देऊ नका, मी मागितले तरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गोठ्याच्या जागेवर जमाखर्च वाचून दाखवू, कुणीही येऊन वही उलटून बघावी. पैसे जास्त जमले तर पुढच्या वर्षी खोंडाच्या कांड्या करून ठेवायचा विचार आहे. नायट्रोजनमध्ये उणे १९६ ला त्या कितीही वर्षं राहतात, म्हणजे उद्या पूर आला, साथ आली तरी रक्त हातात राहील. पण ते पुढचं, आधी जनावर दारात येऊ दे.

दिवाळीच्या आत आणायचा विचार आहे, थंडीत प्रवास सोसतो. येणारे कोण, कुणाची गाडी, कुणाचा कडबा हे या आठवड्यात कळवा. कडबा देताना तेवढं बघा, पावसात भिजलेला आणि काळा पडलेला नको, बुरशीच्या कडब्यानं पोट बिघडतं, त्यापेक्षा पाच पेंढ्या कमी द्या पण शाळूचा कोरडा द्या. ट्रॅक्टर पाठवायचा असेल तर सांगा, आम्ही घेऊन येतो.