काकूंच्या मांडीच्या हाडाविषयी

नागपूर

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

काकूंचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांच्या मांडीचे हाड जास्त वाकलेले असल्यामुळे हाडाच्या आत आधारासाठी घालायची सळई निवडताना विचार करावा लागला, असे सर्जन म्हणाले. त्यावरून आपल्या लोकांची हाडेच वेगळी असतात का, असे तू विचारले आहेस. मी हा विषय येथे विद्यार्थ्यांना शिकवत असल्यामुळे सविस्तर लिहितो.

प्रत्येक माणसाच्या मांडीचे हाड पुढच्या बाजूला थोडे वाकलेले असते आणि त्या वाकाची सरासरी सर्व लोकसमूहांत सारखी नसते, हे खरे आहे. टी. डेल स्टुअर्ट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील सांगाड्यांच्या आधारे मांडले की तेथील मूळ रहिवाशांत हा वाक जास्त, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी असतो. पुढे अनेक आशियाई समूहांतही गोऱ्या लोकांपेक्षा जास्त वाक आढळला. सळईचा बाक हाडापेक्षा कमी असेल, तर तिचे खालचे टोक हाडाच्या पुढच्या भिंतीला टेकते, म्हणून सर्जनला हे आधी पाहावे लागते.

परंतु या फरकांवरून वंशाचा शिक्का मारण्याची घाई मला अजिबात मान्य नाही. एकाच गावातील दोन माणसांत समूहांच्या सरासरीतील अंतरापेक्षा जास्त फरक सहज सापडतो, आणि हाडाचा बराचसा आकार तर जन्मानंतर घडतो. नवजात बाळाच्या या हाडाच्या मानेला (खुब्यातील गोळा आणि हाडाचा लांब दांडा यांना जोडणाऱ्या भागाला) सुमारे ३० ते ४० अंशांचा पीळ असतो, तो मोठेपणी १० ते १५ अंशांवर येतो. हाड गुडघ्याकडे तिरपे उतरते, तो कोन जन्मतः जवळजवळ नसतोच. मूल चालू लागल्यावर तो तयार होतो, आणि जे मूल कधीच चालू शकत नाही त्याच्यात तो होत नाही. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. मान आणि दांडा यांच्यामधील कोनाचेही तसेच आहे: अँडरसन आणि ट्रिंकॉस या संशोधकांनी १९९८ मध्ये अनेक समूहांची तुलना केली, तेव्हा बैठे जीवन जगणाऱ्यांत हा कोन मोठा आणि शिकार व भटकंती करून जगणाऱ्यांत लहान आढळला.

काकूंच्या बाबतीत वयही धरले पाहिजे, कारण उतारवयात, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत, हा वाक वाढू शकतो. तेव्हा त्यांच्या हाडाचा आकार वारशाने किती आणि आयुष्याने किती घडला, हे एका एक्स-रेवरून कोणीही वेगळे काढू शकणार नाही.

एक मात्र कर. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांना बिस्फॉस्फोनेट गटातील गोळ्या सुरू केल्या असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नकोस. पण या गोळ्या बरीच वर्षे घेतल्यास क्वचित मांडीच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, म्हणून काही वर्षांनी दुसऱ्या मांडीत किंवा जांघेत बोथट दुखू लागले, तर ते म्हातारपणाचे दुखणे समजून सोडून न देता लगेच डॉक्टरांना सांग आणि दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढून घे. वाकलेल्या हाडाच्या बाहेरच्या बाजूवर ताण जास्त येतो, आणि तेथील बारीक चीर वेळेवर दिसली तर हाड मोडण्यापूर्वी उपचार करता येतात.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत