ऑस्टिनला शिकायला निघालेल्या मुलीस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

वर्गात शेजारी बसलेल्याच्या सॅकमध्ये पिस्तूल असू शकतं का, असं तू विचारलंस. हो, असू शकतं, आणि ते कायद्यानं चालतं. टेक्सासच्या विधिमंडळानं 2015 मध्ये ‘सीनेट बिल 11’ मंजूर केलं; लायसन्स असलेल्याला कॅम्पसवर लपवलेलं पिस्तूल बाळगू देणारा हा कायदा. सरकारी विद्यापीठांत ते 1 ऑगस्ट 2016 पासून लागू झालं, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत त्यानंतर वर्षभरानं. खासगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा होती आणि राइस, बेलर यांच्यासह जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला. तुझं ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ सरकारी असल्यानं त्याला तो पर्याय नाही.

पण त्या वादाआधी तुझ्यापुरती गोष्ट नीट समजून घे. तू एफ-1 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या व्हिसावर जाते आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हद्दपारीची टांगती तलवार वेगळीच. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणं एवढंच नव्हे. मैत्रिणीचं पिस्तूल चार दिवस आपल्या कपाटात ठेवणं त्यात येऊ शकतं, शूटिंग रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही येतं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठानं काढून टाकलं, त्यामुळे त्याचा व्हिसाचा दर्जा गेला. नंतर तो रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवून आला, आणि तेवढ्यावरून खटला उभा राहिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आपला दर्जा गेल्याचं आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं. तुला त्याचा काही उपयोग नाही. आपण कोणत्या व्हिसावर आलोय, हे तुला पक्कं माहीत आहे.

कुणीतरी सांगेल, ‘शिकारीचं लायसन्स काढ, मग चालतं.’ कायद्यात तशी सूट खरंच आहे. पण टेक्सासचं वार्षिक शिकार लायसन्स 31 ऑगस्टला संपतं, आणि ते संपलं की सूटही संपते. एका शनिवारच्या फोटोसाठी असल्या धाग्यावर आपलं शिक्षण टांगू नकोस.

आता कॅम्पसचे नियम. टेक्सासमध्ये 2021 पासून रस्त्यावर लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण विद्यापीठात लायसन्स लागतंच. पिस्तूल कुणाला दिसता कामा नये. तुझ्या विद्यापीठाच्या नियमांनुसार ते अशा होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) हवं की ट्रिगर आणि त्याभोवतीचं कडं पूर्ण झाकलेलं राहील आणि धक्का लागला तरी पिस्तूल निसटणार नाही. गोळी नळीत चढवलेली नसावी, असाही नियम विद्यापीठानं केला होता. संचालक मंडळानं तो जुलै 2016 मध्येच रद्द केला. म्हणजे तुझ्या वर्गातलं पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चाल.

आणखी एक अट आहे: पिस्तूल कायम अंगावर किंवा हाताच्या अंतरावर हवं. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात माणूस जिममध्ये जातो, पोहायला जातो, बाथरूमला जातो, वाचनालयात डुलकी काढतो. कमरेचं पिस्तूल शौचालयात काढून ठेवायचं आणि विसरून निघून जायचं, ही या साऱ्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात वाईट चूक आहे. आयडाहोत 2014 च्या जुलैत असाच कायदा लागू झाला आणि सप्टेंबरमध्ये एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल भर वर्गात उडालं. गोळी त्यांच्याच पायात घुसली. आत कडक होल्स्टर नसेल तर खिशात ट्रिगरला काहीही अडकू शकतं, म्हणून तर होल्स्टरचा नियम. पण तो पाळला जातोय का हे तपासणार कोण? लपवलेलं असणं हीच अट आहे. बेवारस पिस्तूल दिसलं तर हात लावू नकोस, बाजूलाही सरकवू नकोस. दाराबाहेर थांब, कुणाला आत जाऊ देऊ नकोस आणि 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन कर.

पुढे टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारी सहायक झालीस तर लक्षात ठेव, आपल्या वर्गात पिस्तूल आणायला तू बंदी घालू शकत नाहीस, आणि लायसन्स आहे का असं विद्यार्थ्याला विचारायचंही नाही. ऑफिसची खोली एकट्याची असेल तर तिथे मनाई करता येते. टीएंच्या खोल्या बहुधा सामायिक असतात, त्यामुळे ती सोय तुला मिळणार नाही. मार्कांवरून वाद घालायला कुणी येणार असेल तर दार उघडं ठेव, आणि जमलं तर भेट जिथे माणसांचा वावर आहे अशा जागी ठरव.

कॅम्पसवर बंदुका असाव्यात का? माझं उत्तर नाही असं आहे. समर्थकांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. व्हर्जिनिया टेकमध्ये 16 एप्रिल 2007 ला 32 जण मारले गेले. त्यात मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती. तिथे विद्यार्थ्यांना शस्त्र आणायला बंदी होती, पण मारेकऱ्याला ती आड आली नाही. तुझ्याच विद्यापीठाच्या टॉवरवरून 1 ऑगस्ट 1966 ला गोळीबार झाला तेव्हा लोकांनी घरून शिकारीच्या रायफली आणून खालून उलट गोळ्या झाडल्या, आणि वरच्याला डोकं वर काढणं अवघड झालं. हेही खरंच. पण गच्चीवर पोचलेल्या पोलिसांना त्याच गोळ्यांपासून जीव सांभाळावा लागला, ही त्याच प्रसंगाची दुसरी बाजू. 2015 मध्ये ओरेगनच्या अम्पक्वा कॉलेजात गोळीबार झाला, तेव्हा लायसन्स असलेला एक माजी सैनिक पिस्तुलासह आवारात होता. तो मध्ये पडला नाही, कारण पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील अशी त्याला भीती होती. प्रशिक्षित माणूस असा विचार करतो. टेक्सासच्या लायसन्सची नेमबाजी म्हणजे 3, 7 आणि 15 यार्डांवरून स्थिर कागदावर 50 गोळ्या, 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. पळणारी माणसं, किंचाळ्या, अंधार, यातलं काहीच त्या परीक्षेत नसतं. कायदा होत होता तेव्हा टेक्सास विद्यापीठ प्रणालीचे कुलपती विल्यम मॅक्रेव्हन होते. ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रं ज्यांच्या हाती होती तेच हे निवृत्त अॅडमिरल. त्यांनी या कायद्याला उघड विरोध केला होता.

मला मात्र हल्लेखोरापेक्षा परीक्षेच्या आदली रात्र जास्त घाबरवते. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. प्रयत्न बंदुकीनं केला तर दहांतले जवळपास नऊ जण जातात, गोळ्या-औषधं घेणारे बहुतेक वाचतात. आणि एकदा वाचलेल्यांतले बरेचसे पुढे जगतात. नापास झालेली, प्रेम तुटलेली, घरापासून लांब राहणारी विशीतली मुलं आणि टेबलाच्या खणात भरलेलं पिस्तूल, हे एका खोलीत मला नको आहे. कुणी मैत्रीण खचलेली दिसली आणि तिच्याकडे पिस्तूल असेल, तर मायेनंही ते आपल्या ताब्यात घेऊ नकोस. तुला ते कायद्यानं चालत नाही. सुरक्षित असेल तर तिच्याजवळ थांब आणि 988 या आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनला फोन लाव. पिस्तूल तिच्या हातात असेल तर बाहेर पड आणि 911.

गोळीबाराचा इशारा फोनवर आलाच तर आधी पळ. सामान तिथेच सोड. पळता येत नसेल तर दार आतून लाव, समोर टेबलं सरकव, दिवे घालव, फोनचं व्हायब्रेशनसुद्धा बंद कर. पोलीस आले की फोन, बाटली सगळं हातातून टाकून दोन्ही पंजे उघडे वर धर. ते जखमींसाठीही लगेच थांबणार नाहीत, आधी हल्लेखोराकडे जातील. तेव्हा त्यांना हाका मारत त्यांच्याकडे धावत जाऊ नकोस.

ऑस्टिनच्या वसतिगृहांत राहणाऱ्यांना खोलीत पिस्तूल ठेवता येत नाही. पण तू बाहेर अपार्टमेंट बघते आहेस, आणि तिथे विद्यापीठाचा नियम लागू नाही. टेक्सासच्या कायद्यानं घरमालकही आता भाडेकराराच्या अटींत बंदुकीला मनाई करू शकत नाही. तेव्हा करारावर सही करण्याआधी होणाऱ्या रूममेटला सरळ विचार: घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपाच्या पेटीत असते का, आणि किल्ली कुणाकडे? आहे म्हणाली तर दुसरी खोली बघ. भाडं शंभर डॉलर जास्त पडलं तरी चालेल. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
आई